सांगोवांगी आणि सहीशिक्का

शनिवार, १७ फेब्रुवारी २०२४. लासलगावला कांद्याचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये निघाला. मध्ये रविवार गेला. सोमवारी, १९ तारखेला, तोच भाव १,८०० रुपये. जे काही घडलं ते शेतात नाही, फोनवर आणि टीव्हीवर घडलं होतं. केंद्रीय मंत्र्यांच्या समितीने तीन लाख टन कांदा निर्यातीला मंजुरी दिली, डिसेंबरपासूनची निर्यातबंदी उठली, अशी बातमी सगळीकडे फिरत होती. मंगळवारी केंद्रीय ग्राहक व्यवहार सचिव रोहित कुमार सिंह यांनी सांगून टाकलं की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत ती आहे तशीच लागू आहे.

इंटरनेटवर माहिती कशी शोधावी आणि कोणती खरी मानावी, यावर आपल्याकडे शिबिरं होतात. त्यांतली उदाहरणं बहुधा अमेरिकेतली असतात. नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न क्विंटलमागे ५२० रुपयांचा आहे.

त्या तीन दिवसांवरून झालेला एक वाद इथे मांडतो. वाद घालणारे दोघे: निफाड तालुक्यात कांदा आणि द्राक्षं करणारे एक मामा, आणि नाशिकला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी त्यांची भाची. नावं घालू नका असं दोघांनीही बजावलं आहे, मामांनी जरा जास्तच. बोलणं थोडं नीटनेटकं करून घेतलं आहे.

भाची: मामा, त्या सोमवारी मार्केटला एवढी माणसं होती. त्यांतल्या एकाने तरी बंदी उठल्याची अधिसूचना पाहिली होती का?

मामा: लिलावात उभा राहिलेला माणूस अधिसूचना बघतो का गं? व्यापारी बोली काय लावतो ते बघतो. अठराशे लावली, मी कांदा देऊन टाकला. बातमी खोटी निघाली असेल, पैसे काही खोटे निघाले नाहीत.

भाची: आणि ज्याने अठराशे ऐकून ट्रॉली घरीच ठेवली? आता अडीच हजार होणार म्हणून?

मामा: त्याचं नुकसान झालं, मान्य. लाल कांदा थांबत नाही. उन्हाळ असता तर चाळीत टाकता आला असता. पण त्याला बातमीने नाही बुडवलं, लोभाने बुडवलं.

भाची: त्याने बातमी खरी मानली, म्हणून लोभ सुटला. तुम्ही बातमी खरी मानलीच नव्हती.

मामा: मी बातमीकडे बघितलंच नाही! समोर आलेला भाव घेतला. म्हणून तर म्हणतो, तुमचं ते शोधणं आणि पडताळणं शहरातल्या माणसांना ठीक आहे. आमच्या धंद्यात खरं काय आहे याच्यापेक्षा लोकांना काय खरं वाटतंय, त्याच्यावर भाव ठरतो.

मामांचं हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बाजारात अफवेलासुद्धा भाव असतो आणि तो रोखीत मिळतो. भाचीने त्यावर दोनदा उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि मला ते दोन्ही वेळा पटलं नाही. तिसऱ्यांदा तिने वाट बदलली.

भाची: बरं. सोमवारी विकलात. पण मंगळवारी तुमच्या मागच्या वाफ्यातला कांदा काढायचा होता ना? मजूर सांगायचे की थांबायचं, हे ठरवायला खरं काय ते लागतंच की. तेव्हा काय केलंत?

मामा: फोनवर बघितलं.

भाची: काय टाइप केलंत?

मामा: टाइप कशाला, बोललो. ‘कांदा निर्यातबंदी उठली का.’

भाची: आणि काय आलं?

मामा: उठली म्हणून आलं. पाच-सहा ठिकाणी.

भाची: येणारच. कांद्याची निर्यात सप्टेंबर २०१९ मध्ये बंद केली, ती मार्च २०२० मध्ये उठली. पुन्हा १४ सप्टेंबर २०२० ला बंद केली, ती १ जानेवारी २०२१ पासून उठली. तिसऱ्यांदा ८ डिसेंबर २०२३. दर वेळी पेपरांनी मथळा तोच दिला: निर्यातबंदी उठली. त्या वेळी तो खराच होता. तुम्ही विचारलं ‘उठली का’ आणि फोनने ‘उठली’ हा शब्द असलेलं सगळं तुमच्यापुढे ओतलं. त्याला काय माहीत तुम्ही कोणत्या सालाबद्दल विचारताय.

मामा: तारीख दिसत नव्हती.

भाची: दिसते, बारीक असते. आणि कधी कधी तीही फसवी असते. जुनंच पान नव्याने टाकलं की वर आजची तारीख येते. म्हणून शोधतानाच काळ बांधून घ्यायचा. शोधाच्या पट्टीत ‘टूल्स’ असतं, तिथे गेल्या चोवीस तासांतलं, गेल्या आठवड्यातलं, असं निवडता येतं. एवढं केलं असतं तर २०२१ चं सगळं गळून पडलं असतं.

मामा: ते केलं असतं तरी रविवारची बातमी वर आलीच असती. ती ताजीच होती.

भाची: आली असती. म्हणून दुसरी गोष्ट. आपल्या मनातला प्रश्न टाइप करायचा नाही. ज्या कागदावर उत्तर लिहिलंय, त्या कागदात कोणते शब्द असतील ते टाइप करायचे.

इथे भाचीने फोन मामांच्या हातात दिला आणि शेजारी बसली. पुढची पंधरा मिनिटं हा वाद नव्हता. निर्यात सुरू की बंद, हे ठरवणारं कार्यालय म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, डीजीएफटी. समितीची शिफारस, मंत्र्याचं आश्वासन आणि सूत्रांची माहिती या तिन्हींनी बंदरातला एकही कंटेनर हलत नाही. हलतो तो डीजीएफटीच्या अधिसूचनेने. ती हिंदीत आणि इंग्रजीत असते. त्यामुळे तिथे ‘निर्यातबंदी’ हा शब्द शोधून काहीच हाती लागत नाही. तिथली भाषा ठरलेली आहे: ओनियन, एक्स्पोर्ट पॉलिसी, आणि मग एकतर ‘फ्री’ नाहीतर ‘प्रोहिबिटेड’. भाचीने हे शब्द अवतरणचिन्हांत टाकायला लावले, म्हणजे तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पानं आधी येतात. पुढे ‘साइट’ लिहून कोलन द्यायला लावला आणि त्याला चिकटवून डीजीएफटीचा पत्ता. आता शोध त्या एकाच सरकारी दालनात फिरणार, बाहेरचा गलका आत येणार नाही. मग तिने एक आकडा सांगितला: ०७०३१०१९.

मामा: हे काय?

भाची: जकातीच्या वर्गवारीत कांद्याचा क्रमांक. निर्यातीच्या अधिसूचनेत हा असतोच. मराठी, हिंदी, इंग्रजी, भाषा कोणतीही असो, आकडा तोच.

मामा: म्हणजे कांद्याचा गट नंबर झाला हा.

भाची: झाला.

मामांनी तो आकडा खिशातल्या डायरीत, औषधांच्या उधारीच्या पानावर लिहून ठेवला. त्या वादात त्यांनी लिहून घेतलेली ही एकमेव गोष्ट.

पण सोडणाऱ्यांतले ते नाहीत.

मामा: बघ, तुझ्या त्या दालनात त्या सोमवारी काय होतं?

भाची: काहीच नवीन नव्हतं. डिसेंबरची अधिसूचना होती, ३१ मार्चपर्यंत बंदी म्हणणारी. नवीन कागद नाही, म्हणजे बंदी उठलेली नाही. काही न सापडणं हेसुद्धा उत्तर असतं, फक्त योग्य जागी शोधलेलं असलं पाहिजे.

मामा: बरं. आणि ३१ मार्चला काय झालं?

भाची थोडी थांबली. मामांना उत्तर माहीत होतं. २२ मार्चला नवीन अधिसूचना निघाली आणि बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली.

मामा: म्हणजे सचिवांनी सांगितलेलं ३१ मार्चही खरं ठरलं नाही. आणि रविवारची बातमी तरी पूर्ण खोटी कुठं होती? बांगलादेशाला कांदा गेलाच की नंतर.

भाची: हो. १ मार्चला बांगलादेश आणि अमिरातीसाठी मिळून ६४,४०० टनांची परवानगी निघाली, तीही सरकारी सहकारी संस्थेमार्फत. तीन लाख कुठे आणि हे कुठे. बातमीत खऱ्याचा एक तुकडा होता, बाकी भर होती.

मामा: मग तुझा सहीशिक्का आणि आमची सांगोवांगी, फरक काय राहिला?

भाची: फरक हा की सचिव २० फेब्रुवारीला बोलले ते २० फेब्रुवारीला खरं होतं. २२ मार्चला बदललं, तेव्हा तोही बदल तारीख घालून, क्रमांक घालून लिहिला गेला. जुना कागद आजही काढून बघता येतो. रविवारची बातमी ज्यांनी चालवली, त्यांतल्या कितीजणांनी बुधवारी लिहिलं की आमचं चुकलं?

मामा: त्यात काय, आम्हीही नाही लिहीत. ग्रुपवर चुकीचं टाकलं की डिलीट मारायचं.

४ मे २०२४ ला बंदी खरोखर उठली. तेव्हा टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क, या दोन अटी सोबत होत्या. ‘बंदी उठली’ एवढाच मथळा वाचणाऱ्याला त्या दिवशीही अर्धंच कळलं. मला वाटतं, खोट्या बातमीपेक्षा अर्ध्यावर तोडलेली खरी बातमी जास्त माणसांना गोत्यात आणते, कारण तिच्यावर कुणी संशयच घेत नाही.

यानंतर मामांनी भाचीची शिकवणी घेतली, आणि ती मला जास्त आवडली.

मामा: आता तू सांग. तुझ्या फोनवर मेसेज आला, ‘लासलगावला कांदा साडेतीन हजार’. तू काय समजशील?

भाची: बाजार समितीच्या किंवा पणन मंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन बघीन.

मामा: बघितलंस. तिथेही साडेतीन हजार लिहिलंय. मग?

भाची: मग खरं.

मामा: खरं, पण कशाचं? तिथे तीन आकडे असतात. किमान, कमाल, सर्वसाधारण. साडेतीन हजार हा कमाल. तो एका वक्कलचा असतो, एकसारखा, सुका, रंगाला तेज असलेला माल, तोही एखाद्याच ट्रॅक्टरचा. बाकीचं मार्केट बावीसशेने गेलेलं असतं. मेसेज करणारा कायम कमाल उचलतो. कारण सर्वसाधारण भाव फॉरवर्ड करण्यात काय मजा? आकडा सरकारी, संकेतस्थळ सरकारी, आणि तरी माणूस फसतो. तुझ्या पुस्तकात आहे का हे?

भाचीने नाही म्हटलं, आणि तिथे मामांनी चहा मागवला.

खरं तर मामांचा मूळ मुद्दा वेगळाच होता. तो चहानंतर निघाला. त्यांचं म्हणणं असं की माहितीची पारख पानावरून, पत्त्यावरून, सहीवरून होत नाही. ती माणसावरून होते. ज्याने सांगितलं त्याची बाग मी बघितलेली आहे का? त्याचं चुकलं तर उद्या सोसायटीत तो मला तोंड दाखवणार आहे का? यूट्यूबवर द्राक्षाचं औषध सांगणारा माणूस व्हिडिओ संपला की गायब होतो. गावातला मात्र जाऊन जाऊन जाणार कुठे?

भाची: मामा, २०१० आठवतं?

मामा: सीसीसीचं साल. विसरेन कसा.

द्राक्षात नसलेल्यांसाठी सांगतो. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची शाखीय वाढ रोखायला वापरायचं संजीवक. नाशिक पट्ट्यात ते वर्षानुवर्षं वापरात होतं. २०१० च्या हंगामात युरोपने भारतीय द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं सांगून माल नाकारला. कंटेनर तिकडे अडकले, इकडे निर्यातदारांचे पैसे अडकले, आणि त्या साखळीच्या शेवटी बागायतदार.

भाची: तेव्हा ते कुणी सांगितलं होतं? यूट्यूबवाल्याने नाही. प्रत्येक जाणत्या बागायतदाराने सांगितलं होतं. सगळ्यांच्या बागा तुम्ही बघितलेल्या होत्या, घड चांगले होते, माणसं खोटं बोलत नव्हती. पण मण्यात उरलेला अंश डोळ्यांना दिसत नाही. तो प्रयोगशाळेच्या कागदावरच दिसतो. ओळखीच्या माणसाच्या अनुभवाला तिथे हद्द येते.

मामा: आणि तुझ्या कागदाला? आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत सीसीसी होतं का त्या वर्षी?

भाची: नव्हतं.

मामा: मग? प्रयोगशाळेचा दाखला घेऊनच माल गेला होता. सही होती, शिक्का होता. जे शोधायचंच नाही असं ठरलेलं, ते सापडणार कसं? आम्ही डोळ्यांनी आंधळे, तुम्ही यादीने.

या ठिकाणी दोघेही गप्प झाले. मला वाटतं हाच त्या दिवसाचा सगळ्यात खरा क्षण होता, कारण शोधण्याची अडचण इथेच आहे: शोधपट्टी आपण विचारलं तेवढंच सांगते, यादी तिच्यात लिहिलं तेवढंच तपासते. काय विचारायचं राहिलंय हे सुचायला दुसरा माणूस लागतो, आणि शक्यतो आपल्याशी न पटणारा.

आज मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावर द्राक्षासाठी लेबल क्लेम असलेल्या, म्हणजे द्राक्षावर वापरायची अधिकृत परवानगी असलेल्या औषधांची यादी असते, बागायतदार तिला ‘ॲनेक्शर फाइव्ह’ म्हणूनच ओळखतात. कोणतं औषध, किती प्रमाणात, शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, हे सगळं तिथे असतं. डाऊनी रोगावर अमुक मारा असं दुकानदाराने सांगितलं की ते नाव यादीत आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. अडचण एकच: तीच यादी ग्रुपवर पीडीएफ म्हणून फिरते, आणि फिरणारी प्रत कधी दोन हंगाम जुनी असते. मामांच्या फोनमध्ये अशा तीन निघाल्या. तिन्ही खऱ्या, त्यांतली सध्याची कुठली ते फाइलच्या नावावरून कळत नव्हतं, आत उघडून तारीख बघावी लागली. भाचीने दोन काढून टाकायला सांगितल्या, मामांनी काढल्या नाहीत. ‘असू दे, सांभाळून ठेवलेलं वाया जात नाही’ असं म्हणाले. वाया जात नाही हे खरं, पण ऐन फवारणीच्या सकाळी हाताला कोणती लागेल, सांगता येत नाही.

ओळखीच्या माणसाच्या भरवशाबद्दल भाचीला अजून एक बोलायचं होतं. ते तिने मुद्दाम शेवटी ठेवलं असावं.

भाची: १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून जगणारे. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारलं.

मामा: माहीत आहे.

भाची: त्याच रात्री आपल्या मालेगावात पाच जणांभोवती जमाव जमला. त्यांत दोन वर्षांचं मूल होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं म्हणून वाचले. त्या दिवसांत जो व्हिडिओ फिरत होता, त्यात ओळीने ठेवलेली लहान मुलांची प्रेतं होती. ती सीरियातली होती. ऑगस्ट २०१३, दमास्कसजवळ घौत्याला झालेला रासायनिक हल्ला. फोटो खरे, प्रेतं खरी, फक्त त्यावर हिंदीत आवाज भरलेला की ही पळवलेली मुलं आहेत. दुसरा व्हिडिओ मोटरसायकलवाल्यांचा, रस्त्यावरून पोर उचलून नेतात तो. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांनी सावध राहावं म्हणून बनवला होता. मूळ व्हिडिओत शेवटी ते मूल परत आणून देतात आणि हातात फलक धरतात. तेवढा शेवट कापून टाकलेला.

मामा: हे कळलं कसं?

भाची: व्हिडिओ थांबवायचा, एका दृश्याचा स्क्रीनशॉट काढायचा आणि तो चित्र म्हणून शोधायला लावायचा. गूगल लेन्समध्ये होतं ते. तेच चित्र आधी कुठे कुठे आलंय ते दिसतं. पाच वर्षं जुनं चित्र सीरियाच्या बातमीत दिसलं की पुढे काही सिद्ध करायचं राहत नाही. पण मला सांगायचंय ते वेगळं. तो व्हिडिओ मालेगावात लोकांना कुणी पाठवला? कराचीवाल्याने नाही. मेहुण्याने, शेजाऱ्याने, मुलाच्या शाळेतल्या दुसऱ्या पालकाने. तुम्ही म्हणता माणसावरून पारखायचं. मामा, खोटी गोष्ट आपल्या घरात कायम ओळखीच्या माणसाच्या हातूनच येते. परक्याचा नंबर आपण उचलत नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले:

मामा: मालेगावात त्यांना आत घेऊन दार लावणारे पण तिथलेच होते. पोलीस येईपर्यंत.

भाची: हो.

मामा: त्यांनी काही लेन्स-बिन्स लावली नसेल. समोर बाई आहे, तान्हं पोर आहे, एवढं बघितलं असेल.

भाचीने याला उत्तर दिलं नाही, आणि मीही देत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवतो. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे, खूपदा फिरलेल्या संदेशावर दुहेरी बाण यायला लागला आणि २०२० पासून तसा संदेश एका वेळी एकालाच पाठवता येतो. बाण दुहेरी असला तर समजायचं की आपल्या मेहुण्याने तो लिहिलेला नाही, त्याच्या मेहुण्यानेही नाही. मामांना तो बाण रोज दिसत होता. त्याचा अर्थ त्यांना आजपर्यंत कुणी सांगितला नव्हता.

स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला होता: इतिहासाचे पीएच.डी. झालेले अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना तीच संकेतस्थळं पारखायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी पानावरच रेंगाळले, त्याची मांडणी, भाषा, बोधचिन्ह न्याहाळत. आणि त्यांतले बरेच फसले. तपासनीस मात्र पान उघडून क्षणात बाहेर पडले, या संस्थेबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघायला. पान स्वतःबद्दल चांगलंच बोलणार. स्थळ बघायला गेलेली आपली आजी मुलाच्या घरच्यांशी दोन शब्द बोलून शेजाऱ्यांकडे पाणी प्यायला जायची, ती हेच करत होती. मामांना हे सांगितलं तेव्हा ते खूष झाले. ‘म्हणजे माणसाला विचारायचंच,’ म्हणाले. भाची म्हणाली, ‘हो, पण त्याच माणसाला नाही.’

अशाच फिरणाऱ्या कवितांचंही थोडक्यात सांगतो. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आला की त्यांच्या नावाने त्यांच्या नसलेल्या ओळी फिरायला लागतात. यावर उपाय फोनमध्ये नाही. कवितासंग्रह काढून बघायचा, आणि नाशिकच्या माणसाला ‘सावाना’त, म्हणजे १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात, तो शोधायला काहीच हरकत नाही. शोध कधी कधी कपाटापाशी संपतो, हे भाची ग्रंथपाल असल्यामुळे जरा जास्त जोरात सांगते.

निघता निघता मामांनी नवीन काढलं.

मामा: आता एवढं करायची गरजच नाही. मी बोललो की वरच उत्तर येतं, चांगलं चार ओळींत, मराठीत. कुठलं पान उघडायला नको.

भाची: ते उत्तर कुणी लिहिलं?

मामा: फोनने.

भाची: फोनने दहा पानं वाचून त्यांची भेळ केली. २०२४ च्या मे महिन्यात गूगलच्या अशाच उत्तराने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद घालायला सांगितलं होतं. रेडिटवर कुणीतरी कधीकाळी केलेला विनोद होता तो. उद्या तुम्ही काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची ते विचाराल आणि ते कुठल्या तरी टोमॅटोचे दिवस द्राक्षाला लावेल. भाषा मात्र इतकी स्वच्छ असेल की तुम्हाला शंका येणार नाही. त्या चार ओळींखाली जी पानं दिलेली असतात, ती उघडायची. निदान एक.

मामा: ती इंग्रजीत असतात. हे सगळं तुमचं खरं असलेलं इंग्रजीत असतं आणि आमचं खोटं असलेलं मराठीत. हे काय कुणी पाहत नाही का? कांदा लासलगावचा, बंदी आमच्यावर, आणि कागद वाचायला भाची लागते.

भाचीला याचं उत्तर नव्हतं. खरं तर कुणालाच नसावं. डीजीएफटीची अधिसूचना निघाल्याच्या दिवशी दोन ओळी मराठीत करून मार्केटच्या फळ्यावर लावायला फार मोठी यंत्रणा लागत नाही, एवढंच मी म्हणेन.

भाची: मी करते. नवीन कागद आला की मराठीत दोन ओळी करून तुमच्या ग्रुपवर टाकीन.

मामा: म्हणजे तूही फॉरवर्डच झालीस.

भाची: झाले. पण खाली अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि मूळ पत्ता असेल.

मामा: तो कोण उघडणार?

भाची: तुम्ही. ०७०३१०१९ लिहून घेतलंय ना.

मामा: आणि तू दोन ओळींत चुकीचं सांगितलंस तर?

भाची: तर रविवारी मी इथेच जेवायला असते. कान धरा.

मामा: धरीन. सचिवाचा कुठे धरता येतो.